बेवारशी फायली

दिवाळी आठ दिवसांवर आली की घराघरांतून जे युद्ध सुरू होते, त्याला आपण सौम्यपणे 'झाडलोट' म्हणतो. हल्ली या युद्धाची एक आघाडी कॉम्प्युटरवरही उघडली आहे. जागा संपल्याचा त्याने धोशा लावला, की घरातला कोणी तरणाबांड वीर बाह्या सावरून बसतो आणि ओळखीची नसेल ती फाईल पुसून मोकळा होतो.

गेल्या साली अशाच दिवसांत आम्ही येवल्याला आत्याकडे होतो. आत्याचे यजमान हयातभर हातमागावर पैठणी विणीत. काठापदरांचे नकाशे चौकटीच्या कागदावर ते स्वतः काढीत. ते गेले आणि पुढे त्या कागदांना वाळवी लागली. नशीब एवढेच, की नातवाने त्याआधी कागदांचे फोटो काढून पेनड्राइव्हवर ठेवले होते. पण एके दिवशी त्यावर काही उतरवून घेणे चालू असतानाच वीज गेली. परत आल्यावर कॉम्प्युटरने विचारले, "दुरुस्ती करू का?" चिरंजीव म्हणाले, "कर." दुरुस्ती झाली, आणि फोटो गायब! त्यांच्या जागी 'फाउंड.०००' नावाचे एक कपाट, आणि त्यात 'फाईल००००.सीएचके', 'फाईल०००१.सीएचके' अशी नंबर लावलेली पलटण.

"काका, हा सगळा कचरा आहे. उघडतच नाही. पुसून टाकतो," तो मला म्हणाला.

आत्या फराळाच्या ताटापुढून उठलीसुद्धा नाही. "अरे, चिंधीसुद्धा मी उलगडून बघितल्याशिवाय टाकत नाही," एवढेच ती म्हणाली.

आता हा कचरा येतो कुठून? येवल्याच्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे. जकार्डच्या मागावर भोके पाडलेले पुठ्ठे दोऱ्याने ओवून त्यांची माळ केलेली असते, आणि नक्षी त्या माळेच्या क्रमाने उतरते. पेनड्राइव्हवरही फाईल सलग नसते. तिचे तुकडे जागा मिळेल तिथे ठेवलेले असतात आणि एका तक्त्यात 'यापुढचा तुकडा अमुक ठिकाणी' अशी नोंद असते. फाईलचे नाव आणि पहिल्या तुकड्याचा पत्ता मात्र वेगळ्या यादीत. ऐन लिहिण्याच्या वेळी वीज गेली तर कधीकधी ही यादीच बिघडते. माळ शाबूत, पण तिच्यावरची चिठ्ठी गळालेली! डिस्क तपासणारा 'चेकडिस्क' हा कार्यक्रम अशा माळा गोळा करतो. नाव ठाऊक नसल्याने नंबर देतो आणि मालक येईल या आशेने बाजूला ठेवतो. डॉसच्या काळापासून त्याची ही रीत आहे. युनिक्सच्या घराण्यात तर या कपाटाचे नावच 'हरवले-सापडले' या अर्थाचे आहे.

अनोळखी फायलींनी माणसे किती बिथरतात, याचा एक किस्सा सांगण्याजोगा आहे. मॅकॅफी या विषाणूरोधक कार्यक्रमाने आपल्या पोटात 'एसक्यूलाइट' नावाची माहिती साठवण्याची यंत्रणा वापरली. ती कामापुरत्या फायली करी, आणि त्यांच्या नावात 'एसक्यूलाइट' असे. लोकांना 'टेम्प'च्या कपाटात त्या दिसू लागल्या. त्यांनी ते नाव इंटरनेटवर शोधले, कर्त्यांचे फोन नंबर मिळवले आणि अपरात्री फोन करून त्यांना झोपेतून उठवून तक्रारी केल्या! बिचाऱ्यांचा त्यात काय दोष? अखेर २००६ साली त्यांनी युक्ती काढली. फायलींच्या नावात आपले नाव उलट्या अक्षरांनी लिहिले, 'एटिल्क्स'. आजही मूळ कार्यक्रमात ही हकीकत टीप म्हणून लिहिलेली आहे.

अशा कामापुरत्या फायली, त्या करणारा कार्यक्रम बंद असताना, बेलाशक पुसाव्यात. पण 'सीएचके'ची जात निराळी. ती कोणाची तरी खरी फाईल असू शकते, आणि ती ओळखण्याची खूण तिच्या पोटातच असते. नोटपॅडमध्ये उघडावी आणि सुरुवातीची अक्षरे पाहावीत. 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' दिसले तर बहुधा फोटो. 'पीडीएफ' दिसले तर तोच कागद. 'पीके' दिसले तर झिप किंवा वर्डची नवी फाईल. (ही 'पीके' म्हणजे झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. गडी गेला २००० साली, पण सही अजून चालू आहे.) मग त्या फाईलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून तिचे शेपूट तेवढे बदलायचे. मात्र मूळ पेनड्राइव्हवर तोवर नवे काही लिहू नये. गेलेल्या मजकुराच्या जागेवरच ते बसण्याची भीती असते.

आम्ही तसेच केले. पहिल्याच फाईलमध्ये 'एक्झिफ' दिसले. 'सीएचके' पुसून 'जेपीजी' लिहिले आणि पडद्यावर नारळी काठ उमटला, कडेला आत्याच्या यजमानांच्या पेन्सिलीतले आकडे. चिरंजीवांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एकेक फाईल उघडत रात्रीचे अकरा वाजले. बहुतेक नकाशे पुरते मिळाले. काहींची माळ मध्येच तुटली होती. त्यांचे वरचे निम्मे चित्र स्वच्छ आणि खाली नुसता करडा पट्टा.

त्यातच बांगडी मोर होता. वरचे दोन मोर डौलात उभे, खालचे करड्या पट्ट्यात बुडालेले. आत्याने चष्मा लावला, चौकटीचा कोरा कागद मागवला आणि पडद्याजवळ सरकून घरे मोजायला लागली. "खालचे यांच्यासारखेच, फक्त उलटे," ती म्हणाली. नातू सांगेल तसे ठिपके देत होता. पिसाऱ्याशी मात्र ती थांबली. तिथे हे नेहमी एक घर सोडीत, की दोन? तिला आठवेना. तिने तेवढी जागा कोरी ठेवायला सांगितली, आणि सकाळी शेजारच्या जुन्या विणकराकडे जायचे ठरवून कंदील लावायला उठली.