शाळेचे संगणक आणि आपली लागणनोंद



मागे खोडव्याची पाहणी करीत असता एका सभासदाने आम्हास बांधावरच थांबविले. "साहेब, पोरीचं नाव त् बराबर हाय, मंग काम्पुटर कायले नाई म्हन्ते?" कागद पाहिले. आधार कार्डावर वडिलांच्या नावापुढे 'राव' होता, शाळेच्या रजिस्टरात नव्हता. त्यामुळे मुलीचा 'अपार' हा १२ अंकी विद्यार्थी क्रमांक निघत नव्हता.

आपल्याला हे नवे नाही. शेअर रजिस्टरला एक नाव, सातबाऱ्याला दुसरे आणि बँक पासबुकाला तिसरे असले की उसाचे बिल अडकते. शाळा-कॉलेजांच्या राज्यभरच्या संगणक जाळ्याचेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची नोंद सुरू झाली. २०२१ साली कॉलेजात मिळविलेले श्रेयांक जमा ठेवणारी देशपातळीची बँक आली आणि आता 'अपार' क्रमांक तिला जोडला जातो. नोंद एकदा होते, ती पुढे सगळीकडे चालते. चूकही तशीच चालते. लागणीची तारीख चिटबॉयने चुकीची लिहिली तर तोडणीचा सगळा कार्यक्रम बिघडतो, तोच प्रकार.

अशी शैक्षणिक ॲप्स तयार करणाऱ्यांनी वारणेचा अनुभव जरूर पाहावा. १९९८ साली वारणा सहकारी समूहाच्या परिसरात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना निघाली. शेती, आरोग्य, शिक्षण, सर्व माहिती गावातच मिळावी हा हेतू होता. प्रत्यक्षात सभासद विचारायला येत ते उसाचे वजन, खताची उचल आणि बिल. पुढे २००७ च्या सुमारास ७ गावांत प्रयोग झाला, त्यात हीच माहिती संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर दिली गेली आणि काम भागले. आमच्या मते शिक्षणाचा भाग मागे पडला याचे कारण सरळ आहे. वजन विचारायला माणूस स्वतःच्या गरजेने येत होता, धड्यासाठी येण्याचे तसे निमित्त कोणी ठेवले नव्हते.

'दीक्षा' हे ॲप २०१७ साली सुरू झाले. त्यात ही चूक काही अंशी टाळली आहे. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे चित्र छापले, ते मोबाईलला दाखवले की त्याच पाठाचा भाग उघडतो. म्हणजे मुलाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूवरूनच सुरुवात. शिवाय धडा एकदा उतरवून घेतला की रेंज नसतानाही चालतो. आपल्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नाही, तेव्हा ही सोय मोलाची आहे.

पण हिशेबाची उदाहरणे अजून शहरी वाटतात. १९३७ साली आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली व हातच्या कामातून शिकविण्याचा 'नई तालीम'चा विचार पुढे आला. त्या जिल्ह्यातल्या पोराला वजाबाकी शिकवायला वजनपावतीसारखे साधन नाही. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, राहिला तो ऊस. त्यास दराने गुणा, तोडणी-वाहतूक वजा करा. पोरगे हिशेब शिकेल आणि बापाची पावतीही तपासली जाईल! आपल्या भागातील शिक्षकांनी असे धडे करायचे ठरविल्यास नमुन्याच्या पावत्या, नावे झाकून, शेतकी खात्यातून देऊ.

तोवर पालकांनी एक काम करावे. शाळेचे रजिस्टर व आधार कार्ड यांवरील मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. फरक असल्यास मूल शाळेत आहे तोवरच मुख्याध्यापकांकडे अर्ज करावा. दाखला हातात पडल्यावर हीच दुरुस्ती जड जाते. 'अपार'साठी पालकांची संमती लागते, तेव्हा फॉर्म वाचूनच सही करावी. वर सांगितलेल्या मुलीचा अर्ज शाळेत दिला आहे, निकाल अजून यायचा आहे.

— ऊस विकास अधिकारी