कुलूप उघडण्याची विद्या

यंदा कामोठ्यास आमच्या घरीं एका प्रश्नावरून बरीच वादावादी झाली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत असलेल्या आमच्या पुतण्यानें गोव्यास 'नलकॉन' नांवाच्या परिषदेला जाण्याची परवानगी मागितली. परिषद कसली, असें विचारतां तो म्हणाला, "हॅकर लोकांची, काका." आमच्या मातोश्रींनीं हातांतली जपमाळ खालीं ठेवली. "चोरांचींहि आतां संमेलनें भरूं लागलीं का रे?" असें त्यांनीं सरळच विचारलें.

हा प्रसंग आज अनेक कुटुंबांत उद्भवणारा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

जर्मनींतील 'केऑस कॉम्प्युटर क्लब' या मंडळानें आपली पहिली परिषद १९८४ सालीं भरविली. अमेरिकेंत लास व्हेगास येथें १९९३ सालीं 'डेफ कॉन' सुरू झाली, तिची कथा मौजेची आहे. जेफ मॉस नामक तरुणानें एका मित्राला निरोप देण्याकरितां मेजवानी योजिली. मित्र आधींच निघून गेला. तेव्हां इतर संगणकप्रेमी मंडळींस बोलावून त्यानें समारंभ साजरा केला. त्या वेळीं शंभरएक माणसें जमलीं. आज तेथें हजारोंचा समुदाय लोटतो. एका दालनांत किल्लीवांचून कुलूप उघडण्याचे धडे मिळतात. दुसरीकडे 'ध्वज जिंका' ही स्पर्धा रंगते. तींत आपला संगणक राखून प्रतिपक्षाच्या संगणकांत शिरावयाचें असतें. जो कोणी निष्काळजीपणानें उघड्या जाळ्यावरून आपला परवलीचा शब्द धाडील, त्याचा तो शब्द, कांहीं अक्षरें झांकून, भिंतीवर झळकतो! त्या भिंतीस 'मेंढरांची भिंत' म्हणतात.

आपल्याकडेहि पवईच्या आय.आय.टी.चा 'टेकफेस्ट' १९९८ पासून आणि गोव्याचें नलकॉन २०१० पासून भरत आलें आहे.

मग मातोश्रींची शंका निराधार होती काय? तसें म्हणवत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या संगणकव्यवस्थेंत शिरून चोरट्यांनीं सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. बनावट कार्डांनीं देशोदेशींच्या यंत्रांतून रोकड काढली गेली. त्यांची विद्या आणि परिषदेंत शिकविली जाणारी विद्या एकच. मात्र बँकांना आपल्या भिंतींतलीं भगदाडें चोराआधीं दाखवून देणारा माणूसहि याच विद्येंतून तयार होतो. कित्येक कंपन्या असे दोष कळविणारास बक्षीस देतात. परंतु मालकाच्या संमतीवांचून दुसऱ्याच्या संगणकांत लबाडीनें शिरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वयें अपराध आहे, आणि कुतूहलानें लबाडीनें शिरलेल्यास वय लहान म्हणून सूट मिळेल, या भरंवशावर कोणी राहूं नये.

म्हणून आम्हीं पुतण्यास दोनच प्रश्न घातले: कुलूप कोणाचें? आणि उघडण्यास सांगितलें कोणीं? या दोहोंचें उत्तर जो मुलगा न अडखळतां देतो, त्यास घरांत कोंडून ठेवण्यांत अर्थ नाहीं. अडखळणाऱ्याशीं मात्र वडील माणसांनीं वेळींच बोलावें.

पुतण्या पनवेलहून कोंकण रेल्वेनें गेला व परतला. येतांच त्यानें घराची झडती घेतली. आम्हां अकरा माणसांचा परवलीचा शब्द एकच निघाला: कुलदेवतेचें नांव! मातोश्रींनीं तो स्वतः पुढाकार घेऊन बदलविला. "देवी रक्षण करतेच," त्या म्हणाल्या, "पण कडी आपणच लावायची असते."