घरातला इंटरकॉम

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे आता अनेक उंच इमारती आहेत. खाली कोण आले आहे, हे वरच्या मजल्यावरून कळत नाही. अशा वेळी इंटरकॉम उपयोगी पडतो. त्यातील मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या संदेशात रूपांतर करतो. तो संदेश तारेतून जातो आणि स्पीकर त्याचा पुन्हा आवाज करतो. १० मार्च १८७६ रोजी बेल यांनी याच तत्त्वावर दुसऱ्या खोलीतील सहकाऱ्याला बोलावले होते.

इंटरकॉम जाणकार वायरमनकडूनच बसवून घ्यावा. आधी मेन स्विच बंद करावा. इंटरकॉमची तार घरातील विजेच्या तारांपासून दूर ठेवावी, नाहीतर खरखर ऐकू येते. बाहेरचा संच पावसात भिजू देऊ नये.

घरात आजी एकटी असली, तरी आता तिला घाई नको. आधी आवाज ओळखावा, मगच दार उघडावे.