वसईच्या शेडमध्ये पास झालेला जॉब एसी खोलीत नापास का होतो?

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की वालीव, सातिवली, गोखिवरे या नावांचा पुकारा करत रिक्षा उभ्या असतात. या भागातल्या औद्योगिक गाळ्यांमध्ये लेथ, मिलिंग, सीएनसी अशी मशीन चालतात. इथे कातलेले सुटे भाग पुढे मोठ्या कंपन्यांकडे जातात आणि तिथल्या वातानुकूलित खोलीत पुन्हा मोजले जातात.

गंमत इथेच होते. समजा, एका गाळ्याला अॅल्युमिनियमच्या 500 बुशांची ऑर्डर मिळाली. बाहेरचा व्यास 100 मिलिमीटर, आणि सूट फक्त 0.02 मिलिमीटर कमी किंवा जास्त. ऑपरेटर अनुभवी, मायक्रोमीटर चांगल्या कंपनीचा, त्यावर कॅलिब्रेशनचा ताजा स्टिकर. प्रत्येक जॉब मोजला, प्रत्येक वेळी आकडा 100.00 च्या आसपास. माल गेला. चार दिवसांनी फोन आला, ‘सगळा लॉट अंडरसाइज आहे.’

चूक कोणाची? ऑपरेटरची नाही, मायक्रोमीटरचीही नाही. दोघांनीही जे दिसलं तेच सांगितलं. फरक पडला तो मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडमुळे.

तापला की धातू प्रसरण पावतो, हे शाळेत सगळेच शिकतात. पण किती? एक मीटर लांबीचं पोलाद एका अंशाने तापलं तर साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं. अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट, म्हणजे 23 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा आकडा नगण्यच वाटतो. पण इथे सूटच 20 मायक्रॉनची आहे.

आता हिशोब करून पाहू. लांबी-रुंदीच्या मोजमापासाठी जगभरात 20 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरलं जातं. ड्रॉइंगवर ‘100 मिलिमीटर’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ‘20 अंशांना 100 मिलिमीटर’ असा असतो, तापमान वेगळं लिहिलेलं नसलं तरीही. हे तापमान 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. पुढे आयएसओ या मानक संस्थेने 1951 मध्ये काढलेली अगदी पहिली शिफारस याच विषयावर होती. स्क्रू, नट, कागद, सगळं नंतर; आधी तापमान!

शेडमध्ये 35 अंश धरले तर संदर्भापेक्षा 15 अंश जास्त. 100 मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा जॉब तेवढ्यात सुमारे 35 मायक्रॉन फुगतो. पोलादी मायक्रोमीटर आणि त्याचा झीरो लावायचा मास्टर रॉडही तापलेले असतातच, पण ते सुमारे 17 मायक्रॉनच वाढतात. उरलेले 17 मायक्रॉन मायक्रोमीटर जॉबच्या खात्यात जमा करतो. म्हणजे 100.00 दिसलं, तर 20 अंशांना तो जॉब खरा 99.983 चा. कसाबसा पास.

पण ऑपरेटर जॉब थंड व्हायची वाट कुठे बघतो? मशीनवरून उतरलेला, हाताला गरम लागणारा जॉब 50 अंशांना असेल, तर तो 69 मायक्रॉन फुगलेला असतो. त्यातून मायक्रोमीटरचे 17 वजा केले तरी 52 उरतात. आता 100.00 दिसणारा जॉब प्रत्यक्षात 99.948 चा. खालची मर्यादा 99.98. सरळ नापास. शाफ्ट किंवा बुशाचा बाहेरचा व्यास जास्त राहिला तर पुन्हा कातता येतो. कमी झाला की भंगार, आणि वर डेबिट नोट.

इथे एक शंका येते. त्याच शेडमध्ये इतकी वर्षं पोलादाचे जॉब निघत होते, तेव्हा असं का झालं नाही? कारण थंड झालेला पोलादी जॉब आणि पोलादी मायक्रोमीटर एकाच शेडमध्ये सारखेच फुगतात, त्यामुळे दोघांचा फरक एकमेकांत कटतो. चूक तेव्हाही होती, फक्त दिसत नव्हती. पहिली अॅल्युमिनियमची ऑर्डर आली आणि ती बाहेर पडली.

‘मग दहा वेळा मोजायचं आणि सरासरी काढायची’ हा उपाय बऱ्याच जणांना सुचतो. तो अर्धाच खरा आहे. हात थोडा हलला, कधी जास्त दाब पडला, कधी आकडा तिरका वाचला, अशा चुका कधी इकडे तर कधी तिकडे होतात. यांना यादृच्छिक त्रुटी म्हणतात आणि सरासरीने त्या बऱ्याचशा जिरतात. पण तापमानाची चूक दर वेळी त्याच दिशेने होते. ती पद्धतशीर त्रुटी. शंभर वेळा मोजा, शंभर वेळा तोच चुकीचा आकडा येईल. उलट आकडे इतके सारखे येतात की विश्वासच जास्त बसतो! सारखं माप येणं आणि बरोबर माप येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीरो न लावलेला मायक्रोमीटरही असाच दर वेळी इमानदारीने चुकतो.

मायक्रोमीटरच्या फ्रेमवर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. अनेकांना त्या पकड नीट बसावी म्हणून लावल्यात असं वाटतं. खरं तर हाताची ऊब फ्रेममध्ये उतरू नये, हे त्यांचं काम. टोकाची टकटक वाजणारी रॅचेट दर वेळी सारखाच दाब पडावा म्हणून असते. ती सोडून थिंबल जोरात आवळणारे कारागीर प्रत्येक गाळ्यात सापडतात.

आणि तो कॅलिब्रेशनचा स्टिकर? तोही खोटा नव्हता. मायक्रोमीटर प्रयोगशाळेत तपासला जातो, प्रयोगशाळेची मापं तिच्याहून अचूक मापांशी ताडली जातात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. पण ही तपासणी 20 अंशांच्या आसपास, नियंत्रित खोलीत होते. वालीवच्या शेडमधल्या दुपारची हमी त्या स्टिकरवर नसते.

उपाय महागडेच असतात असं नाही. गाळ्याच्या कोपऱ्यात छोटी एसी खोली करणं सगळ्यांना परवडत नाही. पण जॉबवरचं कूलंट पुसून तो मायक्रोमीटरशेजारी ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर तासभर ठेवला, तर 52 ची चूक 17 वर येते. उरलेले 17 मायक्रॉन आकडेमोडीने वजा करता येतात, त्यासाठी साधा थर्मामीटर पुरतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे मास्टरच अॅल्युमिनियमचा ठेवायचा. 20 अंशांना मापलेला एक अॅल्युमिनियमचा तुकडा शेडमध्येच राहू द्यायचा आणि त्यावरच झीरो लावायचा. मग जॉबबरोबर मास्टरही तेवढाच फुगतो. दोघांचं तापमान मात्र सारखं हवं, त्यामुळे मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब इथेही चालत नाही.

गरम जॉबचं माप घ्यायची वेळ आलीच, तर काही जुने कारागीर ड्रॉइंगमधल्या वरच्या मर्यादेच्याही थोडं वर थांबतात. जॉब थंड झाला की पुन्हा मोजतात, आणि मग शेवटचा कट घेतात.