मीरतच्या खटल्याचें दप्तर

मीरत येथें १९२९ पासून १९३३ पर्यंत कम्युनिस्टांवर जो खटला चालला, त्यास आपल्याकडे सर्रास 'राजद्रोहाचा खटला' म्हणतात. कादंबरीकारास तें नांव सोयीचें वाटेल. पण कागदपत्रांच्या अभ्यासकानें तें वापरूं नये असें आम्हांस वाटतें. कारण त्या दप्तराची किल्ली आरोपाच्या कलमांतच आहे.

राजद्रोहाचें कलम १२४-अ. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली ती याच कलमाखालीं. तेथें उच्चारलेला वा छापलेला शब्द हाच अपराध. मीरतच्या आरोपींवर लावलें तें १२१-अ. म्हणजे बादशहाचें हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट. कौटिल्यानें कंटकशोधनांत 'राज्यकामुक' म्हणून जो अपराधी सांगितला आहे, त्याच्याशीं हें कलम अधिक जुळतें. दोन्ही कलमें दंडसंहितेंत १८७० सालीं घातलेलीं. १२१-अ च्या स्पष्टीकरणांत मात्र असें होतें कीं, कट शाबीत होण्यास त्यास अनुसरून प्रत्यक्ष कांहीं कृत्य घडलेलें असण्याची जरूर नाहीं. अर्थात् सरकारपक्षास बाँब वा पिस्तूल पुढें करावें लागलें नाहीं. पत्रें, पत्रकें, हिशेब व सभांचीं टिपणें एवढ्यावर भागलें. जप्तीचा एवढा ढीग कां जमला, याचा उलगडा येथें होतो.

दिनांक २० मार्च १९२९ रोजीं मुंबई, कलकत्ता, पुणें वगैरे ठिकाणीं एकाच वेळीं धरपकड झाली. एकतीस इसम धरले. पुढें हचिन्सन नांवाचा एक इंग्रज पत्रकार त्यांत मिळविला. मुंबईच्या गिरण्यांतील १९२८ चा सुमारें सहा महिन्यांचा संप सरकारच्या मनांत ताजा होता. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, अधिकारी, गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे, पुण्याचे वयोवृद्ध इंजिनियर ठेंगडी अशीं मराठी मंडळी त्यांत बरीच होती. यांतील बहुतेकांचा मीरतेशीं कांहींएक संबंध नव्हता. खटला तेथें नेला याचें कारण सरकारच्या गुप्त टिपणांतच सांपडतें: मुंबई वा कलकत्त्याच्या हायकोर्टांत ज्यूरी बसली असती. मीरतेस नुसते असेसर. त्यांचें मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हे. (ज्यूरी होती म्हणून टिळक सुटले असें नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. तेथें सात विरुद्ध दोन अशी बहुमतानें शिक्षा झाली.)

आतां दप्तराचा आकार पहा. पुरावा छापला तो फोलिओ आकाराचे २५ खंड झाला. सरकारपक्षाचे ३५०० हून अधिक व बचावाचे १५०० हून अधिक दस्तऐवज दाखल झाले. ३२० साक्षीदार तपासले गेले. आरोपींच्या जबान्यांस दहा महिन्यांवर काळ लागला, कारण त्यांनीं पिंजऱ्याचें व्यासपीठ केलें. सेशन्स जज्ज यॉर्क यांचा निकाल ६७६ पृष्ठांचा. मुजफ्फर अहमद यांस जन्मठेप काळेंपाणी, डांगे प्रभृति पांच जणांस बारा वर्षें. ठेंगडी खटला चालू असतांच वारले होते. ऑगस्ट १९३३ मध्यें अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ति सुलेमान व यंग यांनीं आणखी नऊ जणांस सोडलें आणि बाकीच्यांच्या शिक्षा पुष्कळ उतरविल्या. मुजफ्फर अहमद व डांगे यांची शिक्षा तीन वर्षांवर आली.

संग्राहकांस सांगावयाचें तें याच्या पुढेंच आहे. कामगारांत वांटलेलीं मराठी हस्तपत्रकें कोणी जपून ठेवीत नाहीं. आमच्या एका स्नेह्याच्या आजोबांनीं झडतीच्या धास्तीनें असलीं पत्रकें न्हाणींतल्या बंबांत घातलीं. अशीं घरें किती असतील! जें पोलिसांनीं नेलें तें उरलें. पण तें उरलें फिर्यादीच्या निवडीनें, फिर्यादीनें दिलेल्या अनुक्रमानें, आणि मराठी मजकूर तर कोर्टापुरत्या इंग्रजी भाषांतराच्या रूपानें. आमच्या मतें हें भाषांतर मूळ मानून त्यावरून पुन्हां मराठी करणें, हा या विषयावरील लिखाणांतला मोठा दोष आहे. मुंबईच्या शेतकरी-कामकरी पक्षाच्या साप्ताहिकाचें नांवच पहा. 'क्रांति' हा शब्द क्रम् धातूपासून. पाऊल टाकणें, ओलांडणें असा त्याचा मूळ अर्थ. 'संक्रांति' व 'क्रांतिवृत्त' यांत तो आजही आहे. १९२७ सालच्या संपादकांस राज्यक्रांतीच अभिप्रेत होती, यांत आम्हांस शंका नाहीं. त्यांची वकिली आम्हीं करीत नाहीं. परंतु ज्या गिरणकामगारानें तो अंक दिव्याखालीं वाचून घेतला, त्याच्या कानीं संक्रांतीचा ध्वनि पडला असेल कीं नाहीं, हें इंग्रजी दस्तऐवजावरून कळणें अशक्य.

तपासाची रीत आपल्या परिचयाचीच आहे. पेशवे दप्तरांतील पत्राचें हस्ताक्षर, शाई, कागद व संकेत आपण तपासतों, तसेंच येथेंही करावें. या पत्रव्यवहारांतही सांकेतिक भाषा आहे, अदृश्य शाईही आहे; कोर्टांत हस्ताक्षरतज्ज्ञांच्या साक्षीही झाल्या. टपालांत अडविलेल्या कांहीं पत्रांच्या नुसत्या नकलाच दाखल झाल्या. तेव्हां अस्सल कोणतें व नक्कल कोणती, ही नोंद पहिल्यानें करावी.

ज्यांच्या संग्रहीं 'क्रांति'चे अंक वा १९२८ च्या संपाचीं मराठी पत्रकें असतील, त्यांनीं तीं जुनीं वर्तमानपत्रें म्हणून रद्दींत घालण्यापूर्वी मंडळास एकवार दाखवावीं. फाटका अंकही चालेल. मात्र वर्ष व अंक यांचा आंकडा असलेलें पृष्ठ शक्यतों शाबूत असावें.