घरी केलं म्हणजे स्वस्त पडलं?

दिवाळीचा बोनस दिवाळीतच संपलेला असतो आणि डिसेंबरचा पगार अजून हातात आलेला नसतो. नाताळ नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. मग वसईत काय, वांद्र्यात काय आणि मडगावात काय, एखाद्या घरात ठरतं : यंदा बाजारातून काही आणायचं नाही, सगळ्यांना घरीच काहीतरी करून द्यायचं. बेत उत्तमच आहे. फक्त त्याच्याभोवती काही समजुती चिकटलेल्या असतात आणि घरचं बजेट कोसळतं ते त्यांच्यामुळे.

पहिली समजूत हीच की घरी केलं म्हणजे स्वस्त. लोकरीचं उदाहरण घ्या. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो किंवा त्याहून थोडी जास्त लोकर लागते. चांगल्या लोकरीची तेवढी किंमत मोजली, तर रस्त्यावर मिळणारा तयार स्वेटर बहुतेकदा स्वस्त पडतो, आणि विणणारीच्या महिनाभराच्या संध्याकाळी हिशेबात धरलेल्याच नसतात. तीच लोकर टोपीला शंभर ग्रॅमच्या आत पुरते. मेणबत्त्यांचंही तसंच. मेण फार महाग नसतं, पण साचे, वाती, सुगंधी तेल आणि रंग पहिल्यांदाच विकत घ्यावे लागतात, म्हणून पहिली मेणबत्ती सर्वांत महाग असते. चार भेटींसाठी नवा छंद सुरू करणं हा बचतीचा मार्ग नव्हे, खर्चाचाच एक प्रकार आहे.

घरची भेट खरोखर स्वस्त पडते ती दोनच परिस्थितींत. एक, सामान घरात आधीपासून पडून असतं : जुन्या सुती साड्यांची गोधडी किंवा पिशव्या, दिवाळीतल्या अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या, मिठाईचे रिकामे डबे. दुसरी परिस्थिती म्हणजे एकच पदार्थ मोठ्या प्रमाणात करून वाटायचा. ही दुसरी आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं.

कारण दुसरा गैरसमज असा की प्रत्येकाला वेगळी, त्याच्या नावाची भेट हवी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला गोड पदार्थांचं ताट शेजाऱ्यांकडे जातं. त्याला कोन्सुआद म्हणतात. मंगळुरूकडे अशाच गोडाधोडाला कुस्वार म्हणतात. ताटात नेवऱ्या, कलकल, दोदोल, बोलिन्हा, पेराद, चण्याच्या डाळीची दोस असं थोडं थोडं मांडलेलं असतं. एका घरातून दहा घरांत जाणारा पदार्थ तोच असतो आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. ज्या घरात दुखवटा असतो तिथे नाताळचं गोड करत नाहीत. तिथे शेजारीच ताट पाठवतात. दुखवट्याच्या घरी दिवाळीचा फराळ पोचवणाऱ्या आपल्या इतर घरांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

आता या ताटाचा हिशेब पाहा. कलकलांना लागतं काय, तर मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर आणि तळायला तेल. एक किलो मैद्यात सहा-सात घरांच्या ताटांत मूठ-दोन मुठी आरामात जातात. महाग पडतात ते हात. छोटी गोळी काट्याच्या किंवा कोऱ्या कंगव्याच्या दातांवर दाबून शंखासारखी गुंडाळायची, आणि असे शेकडो कलकल वळायचे, हे एकटीचं काम नव्हे. म्हणूनच मुलं, आत्या, शेजारीण असे सगळे ओट्याभोवती बसवले जातात. पोरांचे कलकल वेडेवाकडे होतात, पण तळल्यावर चवीला सारखेच लागतात. पेरादला फक्त पेरू, साखर आणि लिंबू लागतं. पेरू हिवाळ्यात भरपूर आणि स्वस्त मिळतात, साधारण गराइतकीच साखर घालून मिश्रण कडा सोडेपर्यंत ढवळायचं, आणि साखरेच्या बळावर वड्या बरेच दिवस टिकतात. मनगट मात्र दुखतं. बेबिंका बजेटमध्ये बसवायला जाऊ नये : डझनावारी अंड्यांचे बलक, तूप, नारळाचं दूध, आणि एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतता येत नाही. ती ज्यांना जमते त्यांच्याकडून खावी.

टिकण्याचा क्रमही लक्षात ठेवावा. कोरडे तळलेले कलकल हवाबंद डब्यात आठवडा-दोन आठवडे चांगले राहतात, म्हणून ते आधी करावेत. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या लवकर खवट होतात, त्या अगदी शेवटी. टपालाने पाठवायच्या भेटींत ओलं खोबरं ठेवूच नये.

तिसरी समजूत केकभोवती आहे : महागडा सुकामेवा महिनाभर रममध्ये भिजवला नाही तर तो नाताळचा केकच नव्हे. प्रयागराजचा प्रसिद्ध ‘अलाहाबादी केक’ हे त्याला चोख उत्तर आहे. त्यात लोण्याऐवजी तूप असतं, पेठा असतो, मुरंबा असतो, आलं आणि बडीशेपही असते. तिथल्या घरांतून सगळं सामान बेकरीत नेऊन, तिथे उभं राहून केक भाजून घ्यायची पद्धत आहे. आपल्याकडेही ओळखीचा पाववाला भट्टी निवताना दोन-चार डबे आत सरकवायला तयार होत असेल, तर विचारून पाहायला हरकत नाही, विजेचं बिल वाचेल. बाजारातली रंगीत टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई साखरेच्या पाकात मुरवलेली. ती घरी करता येते आणि काजू-बदाम निम्मे करता येतात. मनुका रममध्येच भिजवायला हव्यात असंही नाही. संत्र्याच्या रसात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या तरी फुगतात आणि आंबटगोड वास येतो तो वेगळाच.

इथेच एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ‘केक भाजला की दारू उडून जाते, मुलांनाही चालतो’ असं सर्रास सांगितलं जातं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पीठ आणि पाणी ते धरून ठेवतात. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यानुसार मिश्रणात कालवून अर्धा तास भाजलं किंवा शिजवलं तरी सुमारे ३५ टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के, आणि अडीच तासांनीही ५ टक्के. वर भाजल्यानंतर रम शिंपडली तर ती जवळपास सगळीच उरते. शेजारी दारू वर्ज्य मानणारं कुटुंब असेल तर त्यांच्या डब्यात रसाचाच केक द्यावा, आणि तसं सांगून द्यावा. घरच्या वाइनची बाटली भेट देण्याचा मोहही होतो. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते विकायचं असो की वाटायचं.

‘घरचं म्हणजे नैसर्गिक, नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही समजूत मात्र मला सगळ्यांत धोकादायक वाटते. ‘केमिकल-फ्री’ साबण ही चीजच अस्तित्वात नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या प्रक्रियेतूनच साबण बनतो. प्रमाण बरोबर असेल तर शेवटी सोडा उरत नाही, पण करताना तो त्वचा भाजतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, त्याच्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. आणि थंड पद्धतीचा साबण चार ते सहा आठवडे मुरावा लागतो. विसाव्या तारखेला घातलेला साबण नाताळला नव्हे, जानेवारीअखेर देण्याजोगा होतो. हे सगळं जमणार नसेल तर वितळवून साच्यात ओतायचा तयार साबणाचा बेस मिळतो, तो घ्यावा.

लसूण-मिरची घातलेल्या तेलाच्या सुंदर बाटल्याही भेटीच्या यादीत असतात. तेलात हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, आणि बॉट्युलिझमचं विष करणाऱ्या जिवाणूंना हेच हवं असतं. वास किंवा चव बदलेलच असं नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवायचं असतं. महिनाभर कपाटात शोभेला ठेवायची ती वस्तू नव्हे. त्यापेक्षा मीठ आणि लिंबाचं आंबट भरपूर असलेलं लोणचं द्यावं. मधाची बरणी देणार असाल तर घरात वर्षाआतलं बाळ नाही ना, एवढं पाहावं. बॉट्युलिझमच्याच भीतीने बाळांना मध देत नाहीत. मेण वितळवताना भांडं थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्यात ठेवावं आणि पेटलंच तर झाकण घालावं, पाणी ओतू नये. मुलांचे मेणखडू रंगासाठी घालू नयेत, त्यांतले रंगकण वातीत अडकतात आणि मेणबत्ती नीट जळत नाही.

राहिला प्रश्न घेणाऱ्याच्या मनाचा. स्वस्त भेट दिली तर लोक काय म्हणतील, ही भीती बरीचशी देणाऱ्याचीच असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांच्या २००९च्या अभ्यासात देणाऱ्यांना वाटत होतं की महाग भेट जास्त आवडेल. घेणाऱ्यांच्या आवडीचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. पण यावरून ‘हाताने केलेलं काहीही आवडतंच’ असा सोयीचा निष्कर्ष काढू नका. मायकेल नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की नवशिक्यांना आपण घडी घालून केलेल्या कागदी वस्तू तज्ज्ञांच्या वस्तूंच्या तोडीच्या वाटतात, पण त्याच वस्तू इतरांना जवळजवळ कवडीमोलाच्या वाटतात. थोडक्यात, स्वतः रंगवलेल्या फुलदाणीवर भाळण्याआधी ती मावशींच्या घरात कुठे ठेवली जाईल याचा विचार करावा. खाण्याच्या वस्तूंचा मोठा फायदा हा की त्या संपतात.

बांधणीवर तर पैसे घालवूच नयेत. बाहेरून जुनं वर्तमानपत्र, त्यावर सुतळी, फार छान दिसतं. फक्त खाद्यपदार्थाला शाई लागू देऊ नये. आत बटर पेपर किंवा स्वच्छ डबा हवा. आणि डब्यावर एक चिठ्ठी : काय घातलं आहे, अंडं, दूध, काजू-शेंगदाणे आहेत का, कधी केलं, कधीपर्यंत खावं. रिकामा डबा परत पाठवा असंही त्याच चिठ्ठीवर लिहायला लाजू नये. पुढच्या वर्षी तो लागणारच आहे.