वाढीला लगाम घालणारी जनुकेच देतात पानाला आकार

नवी दिल्ली : पिंपळाचे पान टोकाशी निमुळते होत जाते, पपईचे पान हाताच्या पंजासारखे फाकलेले असते, तर चिंचेचे पान इवल्या पर्णिकांच्या रांगांत विभागलेले असते. या साऱ्या पानांचा आरंभ मात्र सारखाच असतो. कोवळ्या शेंड्यावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक उंचवटा उमटतो आणि त्यातूनच पान घडते. त्या उंचवट्याला पुढे कोणता आकार येणार, हे प्रामुख्याने जनुके ठरवतात. पानाच्या घडणीत वाढ सुरू होण्याइतकेच महत्त्व ती योग्य जागी आणि योग्य वेळी थांबण्यालाही आहे, हे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. पिकाच्या खालच्या पानांपर्यंत किती ऊन पोहोचते, पावसानंतर शेतात हवा किती खेळती राहते आणि फवारणीचे औषध कुठवर जाते, या गोष्टी पानाच्या आकाराशी निगडित आहेत.

शेंड्यावरचा पहिला निर्णय

खोडाच्या टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीतील पेशी सतत विभागत असतात आणि त्या अजून कोणत्याही एका कामाला बांधल्या गेलेल्या नसतात. त्यांना या अवस्थेत राखण्याचे काम ‘नॉक्स’ गटातील जनुके करतात. ऊतीच्या कडेला ज्या ठिकाणी ऑक्सिन हे संप्रेरक एकवटते, तेथे नॉक्स जनुके निष्क्रिय होतात आणि नव्या पानाची जागा ठरते. म्हणजेच पानाच्या जन्माची पहिली पायरी ही काही जनुके बंद होण्याची असते.

ती बंद राहिली नाहीत तर काय होते, याचे उदाहरण मक्यात सापडले. मक्याच्या एका उत्परिवर्तित वाणाच्या पानांवर शिरांलगत गाठी येत असत. यामागील ‘नॉटेड-१’ जनुकाची ओळख अमेरिकी शास्त्रज्ञ सारा हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली. शेंड्यापुरते मर्यादित राहायला हवे असलेले हे जनुक पानातही कार्यरत राहिल्याने त्या गाठी निर्माण होत होत्या. फळमाशीच्या शरीराची मांडणी ठरवणाऱ्या जनुकांत आढळणारा ‘होमिओबॉक्स’ हा डीएनएचा भाग या जनुकातही असल्याचे १९९१ मध्ये दिसून आले. वनस्पतींत सापडलेले ते या प्रकारचे पहिले जनुक होते.

टोमॅटोसारख्या संयुक्त पानांच्या वनस्पतींत नॉक्स जनुके पानाच्या घडणीदरम्यान पुन्हा सक्रिय असतात. त्यामुळे पानाची वाढ अधिक काळ खुली राहते आणि पर्णिका फुटण्यास वाव मिळतो. टोमॅटोमध्ये या जनुकांची सक्रियता कृत्रिमरीत्या वाढवली असता पर्णिकांची संख्या कित्येक पटींनी वाढल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले.

वरची बाजू आणि खालची बाजू

पानाचा वरचा पृष्ठभाग ऊन टिपण्यासाठी, तर खालचा मुख्यतः वायूंच्या देवाणघेवाणीसाठी घडलेला असतो. या दोन बाजू निश्चित झाल्याशिवाय पान पसरटच होत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ इयान ससेक्स यांनी बटाट्याच्या शेंड्यावर सूक्ष्म छेद घेऊन उगवत्या पानाचा विभाजी ऊतीशी असलेला संबंध तोडला. तेव्हा पानाऐवजी सर्व बाजूंनी सारखे, काडीसारखे अवयव तयार झाले.

या घटनेची जनुकीय बाजू १९९५ मध्ये समोर आली. स्नॅपड्रॅगन या शोभेच्या फुलझाडातील ‘फँटास्टिका’ जनुक बिघडले, तर काही पाने सुईसारखी येतात, असे रिचर्ड वेट्स आणि अँड्र्यू हडसन यांनी दाखवले. पुढील संशोधनातून पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूंसाठी जनुकांचे दोन वेगळे गट असून ते एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत, हे समजले. जेथे या दोन हद्दी भिडतात, त्या रेषेवर पान बाजूंना पसरत जाते.

सपाटपणामागची शिस्त

पसरलेले पान सपाट राहणे ही सहज घडणारी गोष्ट नाही. कापडाच्या मध्यभागापेक्षा त्याची कड लांब झाली की झालरीसारख्या चुण्या पडतात. पानाचेही तसेच आहे. कडेच्या पेशी मधल्या पेशींपेक्षा अधिक वाढल्या, तर पान सुरकुतते. सामान्यतः पेशी-विभाजन थांबण्याची प्रक्रिया पानाच्या टोकाकडून देठाकडे लाटेसारखी सरकत जाते.

ही लाट नियंत्रित करणाऱ्या ‘सिनसिनाटा’ जनुकाचे कार्य उत्पल नाथ, एन्रिको कोएन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. हे जनुक नसलेल्या स्नॅपड्रॅगनमध्ये कडेच्या पेशींना थांबण्याचा संकेत वेळेवर मिळत नाही आणि पानाची कड झालरीसारखी होते. नाथ यांनी पुढे बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत याच जनुक-गटावरील संशोधन सुरू ठेवले.

गमावलेले जनुक

मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या छोट्या वनस्पतीची पाने साधी, अखंड असतात. त्याच कुळातील कार्डामाइन हिरसुटा या वनस्पतीच्या पानांना मात्र स्वतंत्र पर्णिका असतात. या फरकामागे ‘आरसीओ’ हे जनुक असल्याचे जर्मनीतील कोलोन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या मिल्टोस त्सिआंतिस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. हे जनुक दोन पर्णिकांमधल्या जागेत वाढ रोखते, त्यामुळे त्या एकमेकींपासून सुट्या राहतात. अरेबिडॉप्सिसने उत्क्रांतीच्या ओघात ते गमावले आहे. प्रयोगशाळेत ते पुन्हा बसवले असता तिच्या अखंड पानांना खोल खाचा पडल्या.

कापसाच्या शेतातील उदाहरण

आरसीओ हे ‘एलएमआय-१’ या जुन्या जनुकाच्या दुहेरीकरणातून निर्माण झाले आहे. हेच एलएमआय-१ घराणे कापसातही महत्त्वाचे ठरले. अमेरिकन कापसाची नेहमीची पाने रुंद असतात, तर काही वाणांची पाने भेंडीच्या पानासारखी खोलवर विभागलेली असतात. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये या फरकाचे मूळ एलएमआय-१ प्रकारच्या एका जनुकात असल्याचे प्रसिद्ध केले. रुंद पानांच्या कापसात या जनुकातील डीएनएची ८ अक्षरे गळालेली असून त्यामुळे त्याचे प्रथिन बिघडते. भेंडीसारख्या पानांच्या वाणात प्रथिन शाबूत असते आणि जनुक अधिक सक्रियही असते. त्याचे कार्य दाबले असता अशा झाडालाही रुंद पाने आली.

विभागलेल्या पानांमुळे ऊन आणि वारा झाडाच्या आतपर्यंत पोहोचतो. दमट हवामानातील बोंडसड कमी होणे, फवारणी खालपर्यंत जाणे आणि पांढऱ्या माशीचे प्रमाण कमी राहणे, असे लाभ अशा वाणांत नोंदवले गेले आहेत. तथापि, एकूण पर्णक्षेत्र कमी असल्याने ओळींमधील जमीन उशिरा झाकली जाते व तणांना संधी मिळते. प्रकाशसंश्लेषणासाठी उपलब्ध पृष्ठभागही घटतो. त्यामुळे एकच आकार सर्व प्रदेशांसाठी योग्य ठरत नाही.

जुन्या वाणांचे मोल

पानाची ठेवण बदलल्याचा परिणाम भारतीय शेतीने पूर्वीही अनुभवला आहे. १९६६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘आयआर-८’ या भाताच्या वाणाची उभट पाने हे त्याच्या बुटक्या, मजबूत खोडाइतकेच उल्लेखनीय वैशिष्ट्य होते. पाने उभी असली की खालच्या पानांनाही ऊन मिळते आणि रोपे दाट लावता येतात. मक्याची पाने उभट करणारा एक जनुकीय प्रकार चिनी संशोधकांना २०१९ मध्ये मक्याचा वन्य पूर्वज असलेल्या टिओसिंटेमध्ये सापडला. लागवडीखालील मक्यातून तो लुप्त झाला होता.

वाणांची निवड करताना शेतकऱ्यांच्या आणि पैदासकारांच्या हातून असे काही प्रकार नकळत मागे पडतात. म्हणूनच वन्य नातलग आणि देशी वाणांच्या संग्रहांना महत्त्व आहे. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत कापसाच्या देशी आणि वन्य प्रकारांचे जतन केले जाते. हवामान आणि किडींचे स्वरूप बदलत असताना उपयोगी ठरेल असे पान घडवणारे जनुक अशा एखाद्या मागे पडलेल्या वाणात शाबूत असू शकते. मात्र, ते वाण टिकले तरच त्याचा शोध घेता येईल.